मोटारीत बसलेला मुकादम

जो गाडी जपून चालवितो त्याने विम्याचा हप्ता कमी भरावा, जो बेदरकारपणे हाकतो त्याने जास्त भरावा. या विधानाला विरोध कोण करील? सत्शील माणसाला बक्षीस आणि उनाडाला दंड, इतका हा सरळ न्याय दिसतो. परंतु भांडवलशाहीचे बहुतेक सापळे असल्याच निरुपद्रवी विधानांनी झाकलेले असतात, आणि विधान जितके निर्विवाद तितके त्याखाली काय पुरले आहे हे उकरून पाहणे अधिक अगत्याचे ठरते. वाहनचालकाच्या प्रत्येक हालचालीवर पाळत ठेवून तीवरून विम्याचा दर ठरविण्याची जी पद्धत अमेरिकेत रुजली आणि जिला जुलै २०२२ मध्ये भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने आपल्याकडेही दार उघडून दिले, तिच्याबाबत हेच करणे प्राप्त आहे.

प्राधिकरणाने मोटारविम्यात जोडकलम म्हणून ज्या गोष्टींना परवानगी दिली, त्यांपैकी दोन येथे महत्त्वाच्या आहेत. पहिलीचे नाव ‘पे ॲज यू ड्राइव्ह’, म्हणजे जितके चालवाल तितके भरा. दुसरीचे नाव ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’, म्हणजे जसे चालवाल तसे भरा. जाहिरातीत या दोन्ही सख्ख्या बहिणींसारख्या हातात हात घालून उभ्या असतात. वस्तुतः त्यांचे कूळ एक नाही. किलोमीटर मोजण्यास मोटारीतला साधा आकड्यांचा डबा पुरतो. वर्षाकाठी तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीने तीस हजार चालणाऱ्या गाडीइतकाच हप्ता भरावा, हे अन्यायाचेच होते आणि तो अन्याय दूर होत असेल तर समाजवाद्यांनी त्यास नाके मुरडण्याचे कारण नाही. ‘कसे चालविता’ हे मोजण्यासाठी मात्र शेजारच्या आसनावर एक मुकादम बसवावा लागतो. आक्षेप आहे तो या मुकादमाला.

हा मुकादम दिसतो कसा? त्याचा जुना अवतार म्हणजे सुकाणूचक्राखाली दुरुस्तीसाठी ठेवलेल्या खोबणीत खुपसलेली काडेपेटीएवढी डबी. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही खोबणी सक्तीची आहे, ती प्रदूषण तपासण्यासाठी. लोकहितासाठी केलेल्या सक्तीचा उपयोग पुढे विमा कंपन्यांनी आपल्या कामासाठी करून घेतला. प्रोग्रेसिव्ह या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सास राज्यात असले प्रयोग सुरू केले, आणि पुढे ‘स्नॅपशॉट’ या नावाने त्यांचा पसारा देशभर वाढविला. इटलीत २०१२ च्या एका सरकारी फर्मानाने काळी पेटी बसवून घेणाऱ्याला सवलत देणे कंपन्यांवर बंधनकारक केले, आणि तो देश या बाबतीत युरोपात अग्रेसर झाला. आता डबीचीही गरज उरलेली नाही. खिशातल्या मोबाइलमध्ये वेगातला फरक टिपणारा संवेदक असतो, उपग्रहावरून ठावठिकाणा सांगणारी सोय असते. नव्या मोटारींत तर कारखान्यातच दूरध्वनीचे सिमकार्ड बसवून दिलेले असते. मोटार विकत घेतली म्हणजे मुकादम फुकट मिळतो.

तो टिपतो काय, हे नीट पाहिले पाहिजे, कारण सगळी मेख तेथेच आहे. ब्रेक किती जोराने दाबला, वेग किती झटक्याने वाढविला, वळण किती वेगात घेतले, चालविताना मोबाइल हाताळला काय, गाडी दिवसाच्या कोणत्या प्रहरी रस्त्यावर होती, किती अंतर चालली. या नोंदींतून गुण काढले जातात. गुण काढण्याचे सूत्र कंपनीचे खाजगी गुपित असते. विमाधारकाला गुण कळतात, फार तर कारणांचा मोघम उल्लेख कळतो. पण अमुक चुकीला अमुक रुपये का, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही खिडकीवर मिळत नाही.

जोराच्या ब्रेकचेच उदाहरण घेऊ. प्रोग्रेसिव्हच्या व्याख्येप्रमाणे सेकंदाला ताशी सात मैल, म्हणजे सुमारे ताशी अकरा किलोमीटर, इतक्या गतीने वेग उतरला की तो ‘जोराचा ब्रेक’. ताशी चाळीस किलोमीटरने जाणारी मोटार साडेतीन सेकंदांत थांबविली तर ही नोंद होते. आता एखादे पोर चेंडूमागे रस्त्यावर धावले आणि चालकाने प्रसंगावधान राखून गाडी जागच्या जागी उभी केली, तर यंत्राच्या वहीत काय लिहिले जाईल? एक जोराचा ब्रेक. पोर वाचले ही नोंद करण्याचा रकाना त्या वहीत नाही. यंत्र पाहते ते चाकाकडे. रस्त्याकडे ते पाहातच नाही. ज्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डा आणि रस्ता यांच्यातली सीमारेषा पुसली जाते, उलट्या बाजूने येणारी वाहने हा अपवाद नसून रिवाज असतो, पादचाऱ्याला चालायला पदपथ शिल्लक ठेवलेला नसतो, त्या रस्त्यांवर जोराचा ब्रेक हा गुन्हा की चालकाचा धर्म? महापालिकेच्या कंत्राटदाराने खाल्लेल्या डांबराचा भुर्दंड विमाधारकाच्या हप्त्यातून वसूल व्हावा, अशीच ही योजना आहे.

आणि रात्रीचा प्रहर! अमेरिकेतील या योजनांत मध्यरात्रीपासून पहाटे चारपर्यंतचे चालविणे धोक्याचे मानून त्याचे गुण कापले जातात. अपघातांची आकडेवारी पाहता रात्र अधिक धोक्याची असते, हे खोटे नाही. पण पहाटे दोन वाजता रस्त्यावर असते कोण? क्वचित एखादा श्रीमंताचा मुलगा मेजवानीहून परतत असेल. बाकी असतात ते रुग्णालयातल्या परिचारिका, सफाई कामगार, पहारेकरी, मालमोटारीतून भाजी उतरविणारे, वर्तमानपत्रांचे गठ्ठे वाटणारे, दुसऱ्या पाळीतून सुटलेले कामगार. रात्रपाळी ही कोणाची हौस नसते. ती मालकाने ठरविलेली असते, आणि तिचा नफाही मालकालाच मिळतो. तरीही तिचा धोका ‘वैयक्तिक वर्तन’ या गोंडस नावाखाली कामगाराच्या खाती मांडला जातो. वर्गीय स्थितीला स्वभावदोष ठरविण्याची ही किमया जुनीच आहे; गरीब हा आळशी म्हणून गरीब, असे सांगणारे लोक आता गणिती सूत्रे घेऊन आले आहेत, एवढाच फरक. आपल्याकडील योजनांत कोणते निकष लावायचे आणि कोणाला किती भार द्यायचा, ही निवड जर कंपन्यांच्या हाती राहणार असेल, तर त्या अमेरिकेपेक्षा दयाळू निकष लावतील असे मानण्यास काय आधार आहे?

या पद्धतीच्या समर्थकांचा एक युक्तिवाद मात्र प्रामाणिकपणे ऐकून घेतला पाहिजे. ते म्हणतात, पूर्वी हप्ता ठरे तो माणूस कोण आहे यावरून: त्याचे वय, लिंग, वस्ती, अमेरिकेत तर त्याची कर्जफेडीची पतसुद्धा. आता तो ठरेल माणूस काय करतो यावरून. हा बदल पुरोगामी नव्हे काय? युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये विम्याच्या दरात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई केली. डिसेंबर २०१२ पासून ती अमलात आली, आणि त्यानंतर काळ्या पेटीच्या विक्रेत्यांनी हाच मुद्दा पुढे केला. युक्तिवादात तथ्य आहे; पण तो खरा ठरण्यासाठी नवा निकष आला की जुना जायला हवा होता. अमेरिकेत तो गेला नाही. कॅलिफोर्निया, हवाई, मॅसॅच्युसेट्स अशा मोजक्या राज्यांनी कायद्याने मनाई केली म्हणून तेथे पत पाहिली जात नाही. इतर बहुतेक राज्यांत पतही पाहतात, वस्तीही पाहतात आणि वर ब्रेकही मोजतात. एका चाळणीऐवजी दुसरी न येता चाळण्यांची चळत वाढली. दिवाळे निघालेल्या बेकार माणसाने कितीही जपून गाडी चालविली तरी त्याच्या दारिद्र्याचा अधिभार त्याला चुकत नाही. सवलतीची गोष्टही तशीच. स्नॅपशॉट घेणाऱ्या दर दहांतील सुमारे दोघांचा हप्ता वाढतो, असे ती कंपनीच सांगते. जे घेत नाहीत त्यांचे काय? सज्जनांना सवलत देऊन वेगळे काढले की मागे उरलेले सगळे आपोआप संशयित ठरतात. पाळत नको म्हणणारा माणूस काहीतरी लपवीत असला पाहिजे, असा अर्थ एकदा रूढ झाला की ‘ऐच्छिक’ या शब्दात राम उरत नाही.

संमतीची कहाणी तर याहून उद्बोधक आहे. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघडकीस आणले की जनरल मोटर्सच्या गाड्यांतून जमा होणारा चालविण्याचा तपशील लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहितीच्या दलालांना जात होता, आणि तेथून विमा कंपन्यांना. एका मोटारमालकाचा हप्ता २०२२ मध्ये २१ टक्क्यांनी वाढला. कारण शोधता शोधता त्याने कायद्याच्या आधारे दलालाकडून आपली फाईल मागविली, तेव्हा २५८ पानांचा दस्तऐवज त्याच्या हाती पडला. त्यात त्याच्या आणि त्याच्या पत्नीच्या सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या होत्या: कधी निघाली, कधी पोहोचली, किती अंतर, जोराचा ब्रेक लागला काय, झटक्याचा वेग घेतला काय. कोणत्या विमा कंपनीच्या योजनेत आपण नाव घातल्याचे त्याला ठाऊक नव्हते. गाडी घेताना विक्रेत्याच्या मेजावर जे कागद पुढे सरकविले जातात, त्यांतच कोठेतरी असली ‘संमती’ दडलेली असते. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये या प्रकरणी कारवाई जाहीर केली. काही गाड्यांतून दर तीन सेकंदांना ठावठिकाणा टिपला जात होता, असे आयोगाचे म्हणणे होते. ग्राहकांना कर्ज आणि विम्याची पत सांगणाऱ्या दलालांना अशी माहिती देण्यास कंपनीला पाच वर्षे बंदी करणारा आदेश त्याने पुढे ठेवला. बोभाटा झाल्याबरोबर कंपनीने दलालांशी असलेला व्यवहार थांबविला होता. त्याच महिन्यात टेक्सासच्या महाधिवक्त्याने ऑलस्टेट या विमा कंपनीवर दावा लावला. दुसऱ्याच कामासाठी लोकांनी घेतलेल्या मोबाइलमधील ॲपमध्ये गुप्तपणे कार्यप्रणाली बसवून साडेचार कोटींहून अधिक अमेरिकनांचा ठावठिकाणा गोळा केल्याचा आरोप त्यात आहे. आरोप सिद्ध होतील न होतील. पण टेक्सास हे काही समाजवाद्यांचे राज्य नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे प्रकरणाचे गांभीर्य कळते.

येथे कोणी कार्यकर्ता विचारील, आणि त्याने विचारावेच, की हे सारे मोटारवाल्यांचे दुखणे आहे. ज्याच्या दारी सायकलही नाही त्या शेतमजुराला याचे काय? प्रश्न रास्त आहे, पण मोटारविमा म्हणजे केवळ मोटारवाल्याचा विमा नव्हे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थाच्या विम्याची सक्ती आणली आणि १९८८ च्या कायद्याच्या १४६ व्या कलमाने ती चालू ठेवली, ती मोटारीखाली येणाऱ्यासाठी. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते, आणि बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारे. रस्त्यावरची निम्म्याच्या आसपास वाहने आज विम्याविना धावतात, त्यांत दुचाकींचा भरणा मोठा. अशा वाहनाने शेतमजुराला चिरडले तर त्याची विधवा भरपाई मागणार कोणाकडे? वाहन पळून गेले तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूपोटी दोन लाख रुपये मिळतात, आणि तोवर पंचवीस हजारच मिळत होते. विम्याच्या क्षेत्रात शोध लावण्याची एवढीच उबळ असेल तर ती येथे लावावी. त्रयस्थ विम्याचा दर अजून सरकार ठरविते, म्हणून तूर्त मुकादमाचा शिरकाव स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपुरता आहे. तोही हप्ता बाजारावर सोपवा, अशी मागणी पुढेमागे आली तर तेव्हा याच यंत्राचे गुणगान ऐकू येईल.

शिवाय पद्धत एकदा मान्य झाली की ती मोटारीत थांबत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे सामान पोहोचविणाऱ्या व्हॅनमध्ये चालकाच्या चेहऱ्यासह चारी बाजू टिपणारे कॅमेरे बसविण्यात आले, आणि संमतिपत्रावर सही करा नाहीतर काम सोडा, असे चालकांना सांगण्यात आले. विम्याच्या सवलतीत ज्या संमतीची सवय लागते, तिचे खरे रूप हे आहे. मनगटावरच्या घड्याळाने किती पावले मोजली यावरून आरोग्यविम्याचा हप्ता, ही त्याच रस्त्यावरची पुढची पाटी.

जपून चालविणाऱ्याला बक्षीस द्यायचे, तर त्याची सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. वर्षभरात भरपाई मागितली नाही की पुढील वर्षी हप्त्यात २० टक्के सूट, आणि ती वाढत वाढत पाच वर्षांत ५० टक्क्यांवर जाते. यात दोष नाहीत असे नाही. पण यात निष्पत्ती पाहिली जाते, हालचाल नव्हे. अपघात झाला की नाही हा प्रश्न विचारला जातो, माणूस रात्री दोन वाजता कोठे होता हा नाही. सुमारे अर्धा हप्ता माफ करणारी, पाळतीवाचून चालणारी आणि कोणालाही कळणारी व्यवस्था हाताशी असताना नव्या यंत्राची गरज का भासावी? कारण उघड आहे. जुन्या व्यवस्थेत कंपनीला माहिती मिळत नाही. नव्या व्यवहारात विकला जाणारा माल विमा नसून माहिती आहे, आणि सवलत ही त्या मालाची किंमत आहे, तीही विकत घेणाऱ्यानेच ठरविलेली.

विमा म्हणजे मुळात काय, याचाही विसर पडू लागला आहे. आपल्या खेड्यांत इर्जिक घालून एकमेकांची शेते उरकण्याची रीत होती. त्यामागची बुद्धी आणि विम्यामागची बुद्धी एकच. संकट कोणावर येईल हे ठाऊक नसते, म्हणून सर्वांनी थोडे थोडे घालायचे आणि ज्याच्यावर येईल त्याला सावरायचे. प्रत्येकाचा धोका वेगळा काढून ज्याचा त्याच्या पदरात टाकला की विमा उरतच नाही. उरते ती फक्त वसुली. धोक्याची विभागणी करताना कोण कमअस्सल हे कंपनीने ठरवावे, याचा अनुभव या देशाला आहे. एकोणिसाव्या शतकात परदेशी कंपन्या हिंदी माणसाचा जीव हलक्या प्रतीचा धरून त्याच्याकडून जादा हप्ता घेत, आणि १८७० मध्ये मुंबईत निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने तो नेहमीच्या दराने उतरवून दाखविला. त्या परदेशी कंपन्यांकडेही आकडे होतेच! १९५६ मध्ये अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या कारकिर्दीत आयुर्विमा राष्ट्राच्या मालकीचा झाला, १ जानेवारी १९७३ पासून सामान्य विम्याच्या १०७ कंपन्या चार सार्वजनिक कंपन्यांत विलीन झाल्या, ते धोका हा समाजाने मिळून वाहायचा असतो या भूमिकेतून. १९९९ च्या कायद्याने खाजगी भांडवलाला पुन्हा वाट मिळाली, १ जानेवारी २००७ पासून वाहनाच्या नुकसानीचा दर ठरविण्याचे स्वातंत्र्य मिळाले, आणि जून २०२२ मध्ये बहुतेक सामान्य विमा योजना आधी विकून मग प्राधिकरणाला कळविण्याची मुभा मिळाली. जोडकलमांची परवानगी पुढच्याच महिन्यातली. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा मुख्यतः संमतीच्याच खांबावर उभा आहे, आणि तो खांब किती पोकळ असतो हे जनरल मोटर्सच्या ग्राहकांना विचारावे.

यावर उपाय नाही असे मानणारे निराशावादी कॅलिफोर्नियाकडे पाहोत. तेथील मतदारांनी नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘प्रस्ताव १०३’ मंजूर केला. त्याला पाडण्यासाठी आणि आपले पर्यायी प्रस्ताव रेटण्यासाठी विमा कंपन्यांनी सहा कोटी डॉलरहून अधिक ओतले होते, तरी ग्राहक चळवळीने तो थोड्या मतांनी का होईना जिंकला. मोटारविम्याचा दर प्रामुख्याने तीन गोष्टींवरून ठरला पाहिजे, असे तो कायदा सांगतो: वाहतूक नियमभंगाची आणि अपघातांची नोंद, वर्षाला चाललेले अंतर आणि चालविण्याच्या अनुभवाची वर्षे. दरवाढीला पूर्वपरवानगी लागते आणि तीवर सामान्य नागरिकालाही आक्षेप घेऊन सुनावणीत उभे राहता येते. त्यामुळे देशभर पसरलेला हा मुकादम त्या राज्यात अडून राहिला आहे. तेथे यंत्राने अंतर मोजता येते, ब्रेक मोजून हप्ता ठरविता येत नाही.

आपल्याकडे हे करायला कोट्यवधी मतदारांचा कौलही लागत नाही. चार सार्वजनिक कंपन्यांची मालकी सरकारच्या हाती आहे. किलोमीटरची सवलत द्यायची आणि वर्तनाची नोंद मुळीच ठेवायची नाही, असे त्या उद्या ठरवू शकतात. विमा कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत वेतनकराराच्या शेजारी हे कलम घालावे. खासदारांनी लोकसभेत लेखी प्रश्न विचारावा: ‘पे हाऊ यू ड्राइव्ह’खाली आजवर किती विमापत्रे विकली गेली, किती जणांचा हप्ता घटला, किती जणांचा वाढला, जमलेली माहिती किती वर्षे ठेवली जाते, आणि ती आजवर कोणाकोणाला देण्यात आली.